पेशीवरच्या शर्करासाखळ्या आणि पेशींची वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवरसायन शिकणारी मुलं, रक्ताचा किंवा बायोप्सीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेले नातेवाईक आणि निव्वळ कुतूहलाने विचारणारे वाचक, अशा तिघांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उपचाराचा कुठलाही निर्णय हे पान वाचून घेऊ नका, तो डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. पेशीच्या पृष्ठभागावर साखर असते म्हणजे काय? आपण चहात घालतो तीच का?

नाही. चहातली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. पेशीवर असतात त्या गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन, सियालिक आम्ल अशा शर्करांच्या साखळ्या. काही सरळ, बऱ्याचशा झाडासारख्या फांद्या फुटलेल्या. त्यांचं बूड पेशीपटलातल्या प्रथिनात किंवा मेदात रोवलेलं असतं आणि शेंडे बाहेरच्या बाजूला असतात. या दाट थराला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. संप्रेरक असो, विषाणू असो की शेजारची पेशी, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची पहिली गाठ याच थराशी पडते.

शर्करांची खरी श्रीमंती त्यांच्या जोडणीत आहे. प्रथिनात अमिनो आम्लं एकापुढे एक, ठरलेल्या एकाच पद्धतीने जोडली जातात. दोन शर्करा मात्र कुठल्या कार्बनवर आणि कुठल्या दिशेने जोडल्या यावरून वेगवेगळे रेणू तयार होतात. त्यामुळे मोजक्या शर्करांतून प्रचंड वैविध्य निघतं.

२. मग या साखळीचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो का?

थेट नसतो, आणि हीच गोष्ट विद्यार्थ्यांना सुरुवातीला सर्वांत जड जाते. प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम जनुकात असतो. शर्करासाखळीसाठी असा साचा नाही. जनुकात असतो तो शर्करा जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या एन्झाइमांचा आराखडा. जोडणारी एन्झाइमंच माणसात दोनशेहून अधिक आहेत.

प्रथिनातल्या ॲस्परॅजिन या अमिनो आम्लावर बसणाऱ्या साखळीचं उदाहरण घ्या. १४ शर्करांचा एक तयार तुरा डॉलिकॉल नावाच्या मेदावर बांधला जातो आणि एन्डोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या पडद्यांच्या जाळीत, तो एकदम प्रथिनावर चढवला जातो. पुढे त्याची छाटणी होते आणि गॉल्जी या पुढच्या कप्प्यात त्याला नव्या फांद्या फुटतात. किती फुटतील हे कुठलं एन्झाइम किती आहे, कच्चा माल किती आहे यावर ठरतं. म्हणून तेच प्रथिन यकृताच्या पेशीत एका रूपात दिसतं आणि कर्करोगाच्या गाठीतल्या पेशीत दुसऱ्या.

३. निरोगी पेशीला कधी थांबायचं हे कळतं कसं?

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या ताटलीत निरोगी पेशी वाढवल्या तर त्या तळ भरेपर्यंत विभागतात, एकमेकींना चहूबाजूंनी भिडल्या की थांबतात. याला स्पर्शजन्य वाढरोध म्हणतात. टोडारो आणि ग्रीन यांनी १९६३ मध्ये उंदराच्या गर्भापासून तयार केलेल्या ३टी३ पेशी यासाठी प्रसिद्ध आहेत. भरलेल्या थरात ओरखडा काढला की कडेच्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि भेग बुजली की थांबतात. कर्करोगी पेशी मात्र भिडल्या तरी वाढत राहतात, एकमेकींवर चढतात.

मला अजूनही शिकवताना आनंद देणारा प्रयोग १९७७ चा आहे. व्हिटेनबर्गर आणि ग्लेझर यांनी ३टी३ पेशींची नुसती पटलं वेगळी केली आणि विरळ, जोमाने वाढणाऱ्या पेशींवर घातली. त्यांची वाढ मंदावली. शेजारीण जिवंत असण्याचीही गरज नव्हती, तिच्या पृष्ठभागावरचं काहीतरी पुरलं. आज आपल्याला माहीत आहे की या थांबण्यात पेशींना एकमेकींशी जोडणारी कॅडहेरिन प्रथिनं, वाढ आवरणारा हिप्पो हा पेशीतला संदेशमार्ग असे बरेच जण सामील असतात. शर्करासाखळ्या त्यांतल्या अनेकांवर बसलेल्या असतात.

४. साखळ्यांचा वाढीशी संबंध आहे हे पहिल्यांदा लक्षात कसं आलं?

दोन वेगळ्या वाटांनी, आणि दोन्ही वाटा स्वयंपाकघरातल्या धान्य-कडधान्यांतून जातात.

पहिली वाट राजम्याची. रक्तातल्या तांबड्या पेशी चटकन बाजूला काढण्यासाठी प्रयोगशाळेत राजम्यापासून काढलेलं फायटोहीमॅग्लुटिनिन वापरत. ते तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतं. १९६० मध्ये पीटर नोवेल यांना दिसलं की उरलेल्या पांढऱ्या पेशी, ज्या एरवी शांत पडून असतात, त्या या पदार्थामुळे विभागू लागल्या आहेत. हा पदार्थ म्हणजे लेक्टिन, शर्करेला नेमकं धरणारं प्रथिन. बाहेरून शर्करासाखळी धरली आणि आत विभाजन सुरू झालं! गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्त दिलं की आजही लॅबमध्ये त्यात हेच घालतात, कारण विभागणाऱ्या पेशीशिवाय गुणसूत्रं मोजता येत नाहीत.

दुसरी वाट गव्हाच्या अंकुराची. बॉस्टनमध्ये जोसेफ ऑब यांनी १९६३ मध्ये गव्हाच्या अंकुरातलं लायपेज हे एन्झाइम पेशींवर घातलं, तर गाठीतल्या पेशींच्या गुठळ्या झाल्या, निरोगी पेशी मोकळ्या राहिल्या. पुढे कळलं की काम लायपेजचं नव्हतंच, त्यात मिसळलेल्या एका लेक्टिनचं होतं. मॅक्स बर्गर यांनी १९६७ मध्ये ते वेगळं केलं. निरोगी पेशींवर ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम हलकंसं चालवलं तर त्यांच्याही गुठळ्या होतात हे त्यांनी दाखवलं. म्हणजे धरण्याच्या जागा निरोगी पेशीवरही होत्याच. १९७० मध्ये त्यांनी नोंदवलं की प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांचा असा हलका स्पर्श थांबलेल्या पेशींना पुन्हा विभाजनाकडे नेतो.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, कर्करोगी पेशीवर लेक्टिन धरणाऱ्या शर्करा जास्त असणार. मोजल्यावर बऱ्याच पेशींत आकडा जवळपास सारखाच निघाला. फरक होता तो साखळ्या वाहणारी प्रथिनं पटलात किती सहज सरकतात आणि एकत्र गोळा होतात यात. ही दुरुस्ती फार मोलाची आहे. ती नीट समजली तर पुढचं उत्तर सोपं जातं.

५. म्हणजे साखळी पेशीला ‘वाढ’ किंवा ‘थांब’ असा हुकूम देते का?

बहुतेक वेळा नाही. हुकूम येतो वाढघटकाकडून, म्हणजे वाढीचा निरोप आणणाऱ्या प्रथिनाकडून, आणि तो ऐकतो रिसेप्टर, म्हणजे पेशीपटलातलं निरोप झेलणारं प्रथिन. साखळी ठरवते की रिसेप्टर पृष्ठभागावर किती वेळ टिकेल, पटलात कुठे असेल आणि कोणाच्या शेजारी असेल. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

सर्वांत नीट अभ्यासलेलं उदाहरण गॅलेक्टिनचं आहे. रिसेप्टर पृष्ठभागावर कायम बसून राहत नाही, पेशी तो सतत आत ओढून घेत असते. बाहेरच्या बाजूला गॅलेक्टिन नावाची लेक्टिनं असतात, ती गॅलॅक्टोज असलेल्या साखळ्या धरतात. गॅलेक्टिन-३ चे अनेक रेणू एकत्र येऊन शेजारशेजारच्या प्रथिनांना एका सैलसर जाळ्यात गुंफतात. जाळ्यात अडकलेला रिसेप्टर आत ओढला जायला वेळ लागतो, तोवर तो वाढघटकाला प्रतिसाद देत राहतो. साखळीला फांद्या जितक्या जास्त, तितकी पकड घट्ट.

फांदी फोडणाऱ्या एन्झाइमांतलं एक जीएनटी-५. जेम्स डेनिस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की हे एन्झाइम जी फांदी फोडतं तिचा गाठी दूरवर पसरण्याशी थेट संबंध आहे. हे एन्झाइम नसलेल्या उंदरांत गाठी हळू वाढल्या आणि कमी पसरल्या, हे २००० साली आलं. याउलट जीएनटी-३ साखळीच्या मधोमध एक शर्करा अशी बसवतं की जीएनटी-५ ला तिथे काम करताच येत नाही. म्हणजे एकाच झाडावर दोन माळी, आणि एकाने आधी हात लावला की दुसऱ्याचं काम अडतं.

६. पेशीला खायला किती मिळतंय याचा फांद्यांवर परिणाम होतो का?

होतो. फांद्यांसाठी लागणारा कच्चा माल, यूडीपी-एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन, ग्लुकोज, ग्लुटामिन, ॲसिटिल-कोए आणि यूटीपी यांच्यापासून बनतो. म्हणजे कर्बोदकं, अमिनो आम्लं, मेद आणि न्यूक्लिओटाइड या चारही चयापचयांची खबर एका रेणूत उतरते. शेवटच्या फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमांना हा माल भरपूर लागतो, पहिल्यांना थोडका पुरतो.

२००७ मध्ये डेनिस यांच्याच गटाने यातली खुबी दाखवली. ईजीएफ या वाढ घडवणाऱ्या घटकाचा रिसेप्टर साखळ्या बसायच्या कितीतरी जागा घेऊन येतो. त्यामुळे फांद्या कमी असल्या तरी एकूण पकड पुरते आणि तो लवकर पृष्ठभागावर स्थिरावतो. टीजीएफ-बीटाचा रिसेप्टर, जो बऱ्याच पेशींत वाढ थांबवतो, मोजक्याच जागा घेऊन येतो. माल भरपूर झाल्यावरच तो टिकू लागतो. परिणाम असा की मिळकत वाढली की आधी वाढीची बाजू जागी होते, आणि पुरेशी झाली की थांबण्याची. साखळ्यांची संख्या हा प्रथिनाचा गुण, फांद्यांची संख्या हा चयापचयाचा गुण, आणि दोघं मिळून निकाल लावतात.

७. तर मग गोड खाल्ल्याने गाठ वाढते का? साखर पूर्ण बंद करावी का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागची भीती मला कळते. प्रश्न ६ मधली गोष्ट पेशीच्या आतल्या मालाची आहे. जेवणात एक लाडू कमी केला म्हणून गाठीतल्या पेशीला ग्लुकोज मिळायचं थांबत नाही. रक्तातलं ग्लुकोज शरीर सांभाळतं, तुम्ही काही खाल्लं नाही तर यकृत ते तयार करतं. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे शरीरात ग्लुकोज कुठे ओढलं जातंय ते दाखवणाऱ्या तपासणीत, गाठ चकाकते कारण ती ग्लुकोज जास्त ओढते, पण मेंदूही चकाकतो.

अतिरिक्त गोडामुळे वजन वाढतं आणि स्थूलतेचा काही कर्करोगांशी संबंध आहे, म्हणून गोड बेताने खाणं योग्यच. पण उपचार चालू असताना भाकरी, भात, फळं सगळं तोडून रुग्णाचं वजन घटू देणं धोक्याचं आहे. अशी माणसं पाहिली आहेत, म्हणून कळकळीने लिहितो आहे.

८. पेशीसाठी ‘आवश्यक आठ शर्करा’ असलेल्या पावडरी विकतात. घ्याव्यात का?

निरोगी माणसाला गरज नाही. या शर्करा शरीर ग्लुकोजपासून स्वतः बनवतं. अपवाद खरा आहे, पण दुर्मीळ: एमपीआय-सीडीजी या जन्मजात आजारात मॅनोज-६-फॉस्फेट बनवणारं एन्झाइम कमी पडतं आणि तोंडाने दिलेलं मॅनोज प्रत्यक्ष उपयोगी पडतं. त्याच्याच शेजारच्या पीएमएम२-सीडीजीमध्ये मात्र दोष एक पायरी पुढे असल्यामुळे मॅनोज देऊन तसा फायदा होत नाही.

९. हेपरान सल्फेटचं नाव सारखं येतं. ते या साखळ्यांपेक्षा वेगळं कसं?

तीही शर्करांची साखळीच, पण लांबलचक, फांद्या नसलेली आणि सल्फेट गटांमुळे ऋणभारित. त्यामुळे वाढघटक तिला सरळ चिकटतात. १९९१ मध्ये दिसलं की पेशीवर हेपरान सल्फेट नसेल तर एफजीएफ-२ हा वाढघटक आपल्या रिसेप्टरला नीट जोडलाच जात नाही. इथे साखळी भेट घडवून आणणारी तिसरी बाजू आहे, प्रश्न ५ मधल्यासारखी नुसती पकड नव्हे.

माणसातले दोन आजार यावर प्रकाश टाकतात. ईएक्सटी-१ किंवा ईएक्सटी-२ या जनुकाची एक प्रत सदोष असेल तर हेपरान सल्फेटची साखळी नीट बनत नाही आणि वाढत्या मुलांच्या हाडांवर कूर्चेची टोपी असलेले उंचवटे येतात. दुसरा सिम्पसन-गोलाबी-बेहमेल सिंड्रोम: इथे ग्लायपिकन-३ हे, ज्यावर हेपरान सल्फेट बसतं ते प्रथिन, नसतं. बाळ गर्भातच सरासरीपेक्षा मोठं होतं आणि जन्मानंतरही तसंच वाढतं. मग ग्लायपिकन-३ म्हणजे वाढीचा लगाम म्हणावा, तर यकृताच्या कर्करोगात बहुधा तेच भरमसाट वाढलेलं सापडतं. ऊतक बदललं की त्याच रेणूची बाजू बदलते.

१०. मेदावर बसलेल्या शर्करांचंही असंच काही आहे का?

आहे. हाकोमोरी यांनी १९६८ मध्ये दाखवलं की विषाणूने कर्करोगी बनवलेल्या पेशींत जीएम३ हा गँग्लिओसाइड, म्हणजे सियालिक आम्ल असलेली शर्करासाखळी वाहणारा मेद, घटतो. १९८६ मध्ये कळलं की जीएम३ ईजीएफ रिसेप्टरची क्रिया दाबतो. म्हणजे तो जाणं आणि वाढ मोकाट होणं यांची सांगड लागते. उलट जीडी२ हा दुसरा गँग्लिओसाइड लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या मज्जापेशींच्या कर्करोगात पेशींवर खच्चून भरलेला असतो. त्यावर बेतलेलं डायन्युटुक्सिमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. शर्करेवर नेम धरून बनलेलं औषध मुलांचे प्राण वाचवायला उपयोगी पडतं, हे मला या विषयातलं सर्वांत समाधानाचं पान वाटतं.

११. शर्करेचा थर जाड असणं चांगलं की वाईट?

थर कशाचा आहे त्यावर. २०१४ मध्ये दिसलं की कर्करोगी पेशींवरची म्यूक-१ सारखी उंच, शर्करांनी लगडलेली प्रथिनं पेशीला आधारापासून दूर ढकलतात. मग पेशीला आधाराशी बांधणारे इंटिग्रिन, जिथे थर दबलेला असतो अशा मोजक्या जागी गोळा होतात आणि तिथून जगण्या-वाढण्याचा संदेश जोरात जातो. इथे रसायनापेक्षा आकारमानच काम करतं.

आता दुसरी बाजू. पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट, बिनकेसाचा बिळात राहणारा उंदीरवर्गीय प्राणी, याला कर्करोग फार क्वचित होतो. त्याच्या पेशी स्वतःभोवती हायलुरोनान ही लांबलचक शर्करासाखळी सोडतात, आणि त्याचे रेणू माणसाच्या किंवा उंदराच्या हायलुरोनानपेक्षा पाचपटीहून मोठे असतात. २०१३ मध्ये आलेल्या प्रयोगांत ते हायलुरोनान काढून टाकल्यावर प्रश्न ३ मधला वाढरोध ढिला पडला.

१२. रक्तगट म्हणजेही शर्करा, मग रक्तगटानुसार पेशींची वाढ बदलते का?

रक्तगट शर्कराच ठरवतात हे खरं. ओ गटात एच नावाची साखळी तशीच राहते, ए गटात तिच्यावर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन चढतं, बी गटात गॅलॅक्टोज. पण पेशींच्या रोजच्या वाढीचं नियंत्रण यावर अवलंबून नाही, आणि याचा पुरावा आपल्या मुंबईतच मिळाला. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवाच प्रकार मांडला. या लोकांच्या तांबड्या पेशींवर एच साखळीसुद्धा नसते, म्हणून ए किंवा बी बसायला जागाच नाही. हाच बॉम्बे रक्तगट, भारतात साधारण १०,००० लोकांत एक. ही माणसं निरोगी आयुष्य जगतात. अडचण येते ती रक्त घेताना: त्यांना ओ गटाचंही रक्त चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. शर्करेचा शेंडा बदलला म्हणजे वाढ बिघडलीच, असं समजू नका.

१३. राजमा पेशींना विभागायला लावतो, मग खायचा की नाही?

खा, नीट शिजवून. भिजवून पाणी टाका आणि कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवा, लेक्टिन निकामी होतं. कच्चा किंवा मंद आचेच्या भांड्यात उकळी न येता शिजलेला राजमा मात्र उलट्या-जुलाब करतो. प्रश्न ४ मधला प्रयोग ताटलीतल्या पेशींवर शुद्ध लेक्टिन घालून केलेला होता.

१४. सीए १९-९ नॉर्मल आली. म्हणजे काळजी मिटली ना?

तेवढ्यावरून नाही. सीए १९-९ ही कर्करोगाचा, विशेषतः स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा, मागोवा घेणारी रक्ततपासणी. ती मोजते ती एक शर्करारचना आहे, सियालिल लुइस-ए. ही रचना पूर्ण करणारं लुइस एन्झाइम नसलेल्या माणसांना ती बनवताच येत नाही. असे लोक साधारण ५ ते १० टक्के असतात. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असला तरी आकडा तळाशीच राहू शकतो. उलट पित्तनलिका अडून कावीळ झाली किंवा स्वादुपिंडाला सूज आली, तर कर्करोग नसतानाही तो चढतो. म्हणून डॉक्टर एका आकड्यापेक्षा तो उपचारादरम्यान कसा बदलतो हे पाहतात.

१५. जीएनटी-५ मुळे गाठ पसरते, तर ते बंद करणारं औषध का देत नाहीत?

फांद्या रोखणारं स्वेन्सोनिन, एका वनस्पतीत सापडणारं रसायन, माणसांवर तपासलं गेलं, पण ते उपचार म्हणून रुजलं नाही. आणि मूळ अडचण खोल आहे. २००१ मध्ये दिसलं की जीएनटी-५ नसलेल्या उंदरांच्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, थोडक्या उत्तेजनानेही भडकतात आणि स्वतःच्याच शरीरावर उलटतात. टी-पेशीत गॅलेक्टिनचं तेच जाळं तिच्या रिसेप्टरांना एकत्र येऊ देत नाही, म्हणजे लगाम म्हणून वागतं. गाठीत वाढीला साथ, टी-पेशीत वाढीला आवर. जाळ्यात कोण अडकलं आहे यावर सगळं अवलंबून.

१६. परीक्षेत ओ-ग्लुकनॅक पेशीपृष्ठावरची शर्करा म्हणून लिहिलं, चूक का?

चूक. १९८४ मध्ये टोरेस आणि हार्ट यांनी वर्णन केलेली ओ-ग्लुकनॅक ही साखळी नव्हे, एन-ॲसिटिलग्लुकोसमाइनची एकच सुटी शर्करा आहे, आणि ती मुख्यतः केंद्रकातल्या आणि पेशीद्रवातल्या प्रथिनांवर बसते. कच्चा माल प्रश्न ६ मधलाच, जागा मात्र आतली.

१७. साखळ्यांना फांद्याच न फुटणाऱ्या पेशी ताटलीत मजेत वाढतात असं वाचलं. मग हे सगळं महत्त्वाचं कसं?

वाचलंत ते बरोबर आहे. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या सीएचओ पेशींचा लेक-१ नावाचा प्रकार आहे. त्यात जीएनटी-१ चालत नाही, आणि ते पहिलंच पाऊल असल्यामुळे पुढची एकही फांदी फुटत नाही. तरी त्या पेशी विभागतात आणि पिढ्यानपिढ्या सांभाळता येतात. पण तेच जनुक उंदरातून काढलं तर गर्भ दहाव्या दिवसाच्या सुमारास मरतो, हे १९९४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं.

ताटलीत पेशीला भरपूर पोषण असतं, वाढघटक ओतलेले असतात आणि तिला एकच काम असतं, वाढणं. गर्भात तिला शेजारणीचं ऐकून कुठे वाढायचं, कुठे वळायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवावं लागतं. त्या संभाषणासाठी लागणारी साखळी ताटलीत गाळली तरी उणीव दिसत नाही. म्हणून ‘अमुक साखळी काढली, पेशीला काही झालं नाही’ असं वाचलंत की आधी पाहा, प्रयोग ताटलीत झाला होता की प्राण्यात.